माकडाच्या वर्षातला जन्म

११ सप्टेंबर, सकाळ
जेग्यूचा कॅनडाहून फोन. सहा मिनिटं. ठेवताना म्हणाला, "बाबा, कधीतरी या इकडे." एवढ्या लांबून माणूस उगाच असं म्हणत नाही. पुढच्या महिन्यात मला ऐंशी पुरी होतात, ते त्याच्या लक्षात आहे. स्पष्ट बोलला नाही, पण आमच्या मेंग घराण्यात स्पष्ट कुणीच बोलत नाही. तिकीट काढायचं ठरवलं.

१२ सप्टेंबर
विरंगुळा केंद्रात सहज विषय काढला. मुलाने ऐंशीव्या वाढदिवसाला बोलावलंय. सगळे पत्ते पिसत राहिले. फक्त खालच्या मजल्यावरची प्योबाई म्हणाली, "जेग्यूचे बाबा, सुनेला विचारलंत का?" या बाईच्या पोटात पहिल्यापासून दुखतं.

२० सप्टेंबर
पासपोर्ट आला. त्यात मी दोन वर्षांनी लहान, वाढदिवसही ऑक्टोबरात नाही, ऑगस्टात. माझ्याआधीची दोन भावंडं तान्हेपणीच गेली, तेव्हा वडील म्हणाले, हे जगतंय का बघू, मग नाव नोंदवू. आमच्या बारा प्राण्यांच्या पंचांगात जन्म माकडाच्या वर्षातला, नोंद दोन वर्षांनंतरच्या कुत्र्याच्या. इथे कोरियात, आमच्या गुन्सानमधल्या माझ्या वयाच्या निम्म्या लोकांचं असंच आहे. काळजीचं कारण नाही. तरी झोप लागली नाही.

२७ सप्टेंबर
कॅनडात शिरायच्या परवान्याचा फॉर्म फोनवरच भरायचा असतो. प्योबाई म्हणाली, "पासपोर्टावरची तारीख टाका. नाहीतर वॉर्ड ऑफिसातल्या मुलीकडून भरून घ्या." मी म्हणालो, परक्या सरकारशी खोटं बोलू? मी सहावी शिकलोय. तुम्ही किती? "तिसरी. पण कागदाशी भांडू नये एवढं तिसरीत कळतं."
खरी तारीख टाकली. दोन तास लागले. अर्ध्या तासात मंजूर! तिकडे प्रामाणिक माणसाची कदर आहे.

५ ऑक्टोबर
बॅग भरली. मिरचीची आंबवलेली चटणी तीन किलो, सुके मासे, वाढदिवसाला आमच्याकडे लागतंच त्या सूपसाठी सुकं समुद्री शेवाळ. सुनेच्या घरात शेवाळ कुठलं असायला! वजन जास्त झालं. स्वेटर काढले, चटणी ठेवली. थंडीचं जेग्यू बघेल.
त्याला तीनदा फोन केला. उचलला नाही. एकवीसला निघतोय असा मेसेज टाकला. उत्तरात वाकून नमस्कार करणाऱ्या अस्वलाचं चित्र आलं. किती आदर!

१८ ऑक्टोबर
केंद्रात निरोप. नूडल्स, भाषणं, वर्गणी काढून घेतलेली मानेची उशी. मी दहा मिनिटं बोललो. मुलं चांगली निघणं हे आईबापाच्या वळणावर असतं, असं सांगितलं. दोघं उठून गेले. पटलं असणार.

२१ ऑक्टोबर, विमानतळ, दुपार
काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजोबा, परवान्यावरची जन्मतारीख वेगळी, पासपोर्टावरची वेगळी. असं विमानात बसता येत नाही." तिला भावंडांचं सांगितलं. माकड, कुत्रा, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हो आजोबा, पण मशीनला नाही ना कळत." नवा अर्ज करून दिला तिने. मंजुरी यायच्या आत विमान गेलं.
जेग्यूने या वेळी फोन उचलला. "आज निघणार होतात? मला वाटलं, नुसतं म्हणताय." मी म्हणालो, अरे, ऐंशीवा वाढदिवस. "ऐंशी? बाबा, तुम्हाला अठ्ठ्याहत्तर ना? कागदावर तसंच आहे." त्याची आई होती तोपर्यंत खरी तारीख तीच त्याला सांगायची. मग म्हणाला, "अजून दोन वर्षं आहेत की. घाई कशाला?"
उद्याच्या विमानाने या, असं म्हणाला नाही. धक्का बसला असेल बिचाऱ्याला.
मंजुरी संध्याकाळी आली. मी तेव्हा परतीच्या बसमध्ये होतो.

२४ ऑक्टोबर
वाढदिवस. माकडाच्या हिशोबाने.
तीन दिवस पडदे ओढून आहे. सगळ्यांच्या लेखी मी कॅनडात. शेवाळ शिजवलं तर जिन्यात वास जाईल, म्हणून गार पाण्यात भिजवून चटणीशी खाल्लं. वाईट लागत नाही. मानेची उशी मात्र उत्तम आहे.
जेग्यूचा फोन नाही. बरोबरच आहे, त्याच्या कागदावर आज काही नाही.
दुपारी दारावर थाप. श्वास रोखला.
"जेग्यूचे बाबा, तुमच्या कॅनडातलं संडासाचं पाणी माझ्या डोक्यावर ऐकू येतं. शेवाळाचं सूप ठेवलंय दाराशी. गरम आहे तोवर घ्या."
ती जिना उतरून गेली. मी दार उघडलं नाही. उघडलं असतं तर मी घरी आहे हे तिला कळलं असतं.