सुधीरपासून वीस पावलांवर

८ फेब्रु., रवि.
मी बनवलेलं रॉकेट पडलं. सुधीरपासून वीस पावलांवर. जाऊन मोजली.
ज्या उभ्या पट्टीवरून सुटतं ती रेल सोडल्यावर सरळ वर जायचं ते आडवं वळलं आणि बंद मिठागरावरून थेट त्याच्या दिशेने. तो कॅमेऱ्यात बघत उभा. मी ओरडेपर्यंत ते खाली आलं होतं. नाक चिखलात कोपरभर घुसलं.
सु. हसत होता. "वाऱ्याने वळलं रे. माझ्या शाळेतली पोरं असती तर टाळ्या वाजवल्या असत्या."
मीही मान हलवली.

९ फेब्रु.
वारा नव्हता.
वालीवला वर्कशॉपमध्ये सगळे जेवायला गेल्यावर वही काढली. रॉकेटच्या वजनाचा मध्य हवेच्या दाबाच्या मध्यापेक्षा पुढे हवा, निदान नळीच्या एका व्यासाइतका. म्हणजे दहा सें.मी. कमी पडलं की भरकटतं. वहीत बारा लिहिलंय. पण ते जुन्या मोटरचं. नवी मोटर लांब, जड, सगळा भार शेपटाकडे. आज काढलं तर पाच.
नवी मोटर बसवून परत तोलून बघायचं राहिलं. राहिलं कसलं, कंटाळा केला.

११ फेब्रु.
जेवण जात नाही. डोळे मिटले की सु.ची पाठ दिसते. बायकोला, लीनाला, सांगून टाकलं. ती बोंबील साफ करत होती, हात थांबला.
"सुधीरला सांगितलंस?"
"सांगतो."
"मग आधी मला कशाला सांगितलंस?"

१४ फेब्रु.
नाकात चारशे ग्रॅम शिसं भरलं. दोरीवर तोललं. अंतर आता चौदा. बरं वाटायला हवं होतं.
पण वजन वाढलं, म्हणजे रेलवरून हळू सुटणार, आणि वेग कमी तर शेपटाच्या पंखांना हवा धरता येत नाही. म्हणून रेल दोनची तीन मीटर केली. अंतर फार वाढवलं तर रॉकेट वाऱ्याकडे नाक वळवतं. कुठूनही जा, भीती आहेच. चारदा तोललं. चारही वेळा चौदा. तरी पाचव्यांदा...

१५ फेब्रु., रवि.
चर्चमधल्या मिसानंतर सु.चा फोन. पुढच्या रविवारी परत उडवायचं, त्याचे बाबाही येणार. "त्यांना म्हटलंय, माझ्या मित्राइतका काटेकोर माणूस वसईत नाही."
मोटरचं सांगायचं सोडून "बरं" म्हटलं.

१९ फेब्रु.
विरारला त्याच्या शाळेच्या गेटवर गाठलं. सांगितलं. मोटर, वजन, पाच सें.मी., सगळं.
"म्हणजे तुला माहीत होतं?"
"त्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवसापासून."
"दहा दिवस, पॉल?"
स्कूटर चालू केली आणि गेला. मागे वळला नाही.

२१ फेब्रु.
सु. न सांगता वर्कशॉपवर आला. चहा नको म्हणाला. काटा मागितला, दोरी मागितली. स्वतः तोललं, दोनदा. माझ्या वहीत माझ्या आकड्याखाली त्याच्या अक्षरात लिहिलं: १४.
दारात थांबून म्हणाला, "बाबांना येऊ नका म्हटलंय. मी येतो."
रागावला असता तर बरं झालं असतं.

२२ फेब्रु., रवि., सकाळ
मिठागरावर. परवानगीचा कागद खिशात. वही बांधामागे लावलेल्या गाडीच्या बॉनेटवर ठेवून लिहितोय. रेल उभी केली, आमच्यापासून लांब झुकवून. समुद्राकडून थोडा वारा. आज सु. कॅमेरा न घेता बांधामागे, माझ्या शेजारी.
"उडवायचं का?" मी विचारलं.
"तू सांग."
गणित बरोबर आहे. गेल्या वेळीही मला तसंच वाटलं होतं.