पाच पेट्या आणि एक माईक

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार. खंडेनवमी

हत्यारांची पूजा झाली. एकही सोडलं नाही. मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, ड्रिल, पक्कड, टेप, आवाज मोजायचं मीटर, माईक – सगळं पुसून पाटावर ओळीने, उंचीप्रमाणे. बायकोच्या, म्हणजे संयोगिताच्या, हातात ताट दिलं की ती बोटाने कुठेही टेकवत सुटते. म्हणून हळद-कुंकू मीच लावतो, काडेपेटीच्या काडीने. ओली हळद, एक ठिपका, बरोबर मधोमध. मीटरच्या डोक्यावर स्पंजची टोपी असते, त्याला तेवढा पोटावर. बायको म्हणाली, "पूजा चाललीय का नकाशा काढताय?" जे करायचं ते नीट करायचं, एवढंच माझं म्हणणं.

अजीम येऊन खीर खाऊन गेला. अठरा वर्षं त्याचा रंधा आणि पटाश्या आमच्याच पाटावर असतात. तो स्पीकरच्या पेट्या करतो, मी त्यांना आवाज देतो – असं मी गिऱ्हाइकांना सांगतो. तो मागून म्हणतो, "आवाज स्पीकरचा. आपण दोघं नुसती वाट मोकळी करतो, नाना."

शनिवारी मलकापूर. सुभेदार नाथाजी, तोफखान्यातून निवृत्त. नवा बंगला, वरच्या मजल्यावर थिएटरची खोली. पाडव्याला उद्घाटन करायचं म्हणतात. पाच पेट्या अजीमच्या, वूफर तयार घेतलेला.

४ ऑक्टोबर, शनिवार

माणसांना शांत बसता येत नाही! सैन्यात बावीस वर्षं काढलेल्या माणसालासुद्धा!

काम साधं आहे. माईक बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर स्टँडला लावायचा. रिसीव्हर, म्हणजे सगळे स्पीकर चालवणारं यंत्र, एकेका स्पीकरमधून टुईंप-टुईंप आवाज काढतो, माईक ऐकतो, आणि त्यावरून रिसीव्हर ठरवतो – कोण किती लांब, कोणाचा जोर किती ठेवायचा, कोणाचा ट्रेबल चढवायचा, कोणाचा उतरवायचा. सहा जागी हेच. एकूण वीस मिनिटं शांतता पाहिजे. वीस मिनिटं!

पहिल्यांदा कुकर. दुसऱ्यांदा सुभेदारांच्या अंबूवहिनी जिन्यातून बहिणीशी फोनवर. तिसऱ्यांदा खुद्द सुभेदार – "झालं का वो?" माईकच्या शेजारी उभं राहून! मी म्हटलं, सुभेदार, तुम्ही खाली जाता का? तर म्हणे, "मी कुटं बोललो? इचारलं फक्त."

पाचव्यांदा पुरं झालं. आकडे बघून चक्रावलो. पाचही स्पीकरचा जोर वरच्या टोकाला, पाचांनाही ट्रेबल भरमसाट चढवलेला. म्हणजे रिसीव्हरचं म्हणणं, वरचे सूर पोहोचतच नाहीत. सगळे स्पीकर एकदम अशक्त कसे?

ग्राहकाच्या रिसीव्हरबरोबर खोक्यात येणारा माईक मी सीलबंदच ठेवतो. नऊ वर्षं माझाच वापरतोय, याच कंपनीचा. त्याची खोड मला माहीत आहे – म्हणजे खोड नाहीच.

५ ऑक्टोबर, रविवार

मॅन्युअल पुन्हा वाचलं. दोनशे चौदा पानं. माझ्याकडून काही राहिलेलं नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

कापड! पेट्यांच्या तोंडावरचं जाळीचं कापड. जाड कापडात वरचे सूर अडकतात. अजीमला फोन केला – कापड बदललंस का? म्हणाला, "त्याच ताग्यातलं हाय नाना. तुमच्या हॉलमधल्या पेट्यांना लावलं तेच."

तरी मलकापूरला जाऊन पाचही पेट्यांचं कापड काढून मोजलं. मोजताना रस्त्यावरून दोन ट्रॅक्टर गेले, कर्णे लावून. साखर कारखाने सुरू व्हायला अजून महिना आहे, यांची मिरवणूक आतापासून.

आकडे तेच.

भर म्हणून मीटरही बिनसलंय. रिसीव्हर म्हणतो बसायच्या जागी पंच्याहत्तर डेसिबल, मीटर दाखवतं ब्याऐंशी. सेल बदलले. ब्याऐंशीच. दहा वर्षांचं झालं, आता त्याच्यावर भरवसा नको.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सापडलं. पट्टी लावून पाहिलं – वरचे सूर काढणारे ट्वीटर समोरच्या फळीत दोन मिलिमीटर आत बसलेत. कडेला आवाज आपटणारच. ड्रॉइंगमध्ये मी 'सपाटीला' असं लिहिलं होतं. अजीमचं म्हणणं, दर वेळी तो दोन मिलिमीटर आतच बसवतो, कापड घासू नये म्हणून, आणि मी आजवर कधी काही बोललो नाही.

आजवर मोजलं नव्हतं. आज मोजलं.

पाचही समोरच्या फळ्या नव्याने करायला सांगितल्या. त्याने मापं पुन्हा लिहून घेतली. मग, "करतो."

१२ ऑक्टोबर, रविवार

अजीमच्या कारखान्यावरून गेलो. करवतीचा आवाज येत होता. आत गेलो नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

नव्या फळ्या बसल्या. काम बघायला देखणं, हे लिहायलाच पाहिजे. ट्वीटर इतके सपाटीला की नख अडकत नाही. त्यासाठी सुभेदारांच्या कपाटांचं काम त्याने चार दिवस मागे ठेवलं होतं – आख्ख्या बंगल्याची कपाटं त्याच्याकडेच आहेत, माझ्याच ओळखीने.

मोजलं. आकडे तेच. दशांशाचाही फरक नाही!

माझा तोल गेला. आधी रिसीव्हरने ठरवलेल्या आवाजावर थोडं गाणं लावलं. अजीमने तोंड वाकडं केलं. "नाना, टोचतंय कानाला. स म्हटलं की सुई. तुमाला न्हाई टोचत?" मला टोचत होतं. खरं सांगायचं तर चार तारखेपासून टोचतंय. पण कानावर जायचं तर डीजेवाल्यात आणि माझ्यात फरक काय? मला डिप्लोमा नाही, कोणी गुरू नाही. दहावीनंतर जे शिकलो ते मोजून शिकलो. आकडा सोडला तर माझ्या हातात राहतं काय?

मी म्हटलं, टोचतंय कारण तुझ्या पेट्या ट्रेबल गिळतात आणि रिसीव्हरला तो बळेच ढकलावा लागतो. तो म्हणाला, "यंत्र चुकत न्हाई का कवा?" मी म्हटलं, नऊ वर्षांत चुकलेलं नाही. प्लाय ओलं असणार, घाईत केलंस, अठरा वर्षांत हात सैल पडलाय तुझा.

सुभेदार दारात उभे होते. अंबूवहिनी चहा घेऊन आल्या होत्या. दोघांनी ऐकलं.

अजीमने पटाश्या एकेक पुसून पिशवीत ठेवल्या. चहा घेतला नाही. जाताना म्हणाला, "ओलं प्लाय मी दारातसुदिक घेत न्हाई. तुमाला ठाऊक हाय ते."

ठाऊक आहे. पण मग आकडे कशाने आले?

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आमच्या दुकानाची एक किल्ली त्याच्याकडे असायची. संयोगिताच्या हातात देऊन गेला. मी मागे गोदामात होतो. हाकही मारली नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

उद्घाटन झालं. सुभेदारांनी नारळ फोडला आणि त्याचं पाणी वूफरवर शिंपडायला निघाले, वेळेत हात धरला. एकेका पेटीवर झेंडूचं फूल. मधल्या, सेंटरच्या पेटीवर तर हार! खालून वायर जाते, वरून हार लोंबतो. काढला. अंबूवहिनींनी पुन्हा घातला.

सिनेमा लावला. सुभेदार खूश. "लय भारी, नाना! रणगाडा पाठीमागनं आला की वो!" त्यांच्या कौतुकाला अर्थ नाही. बावीस वर्षं तोफांजवळ काढल्यावर वरचे सूर ऐकू येतातच कुठे. अंबूवहिनींचे कान शाबूत आहेत. त्या पंधरा मिनिटांत उठल्या. "भांड्याचं कपाट पडल्यागत वाजतंय. तुमीच बघा."

जेवताना सुभेदारांनी सांगितलं, अजीमला कपाटांच्या कामावर यायचं नाही म्हणून कळवलं. "तुमीच म्हनलासा की, हात सैल पडलाय. मग माझ्या घरात कशाला? कराडचा एक मिस्तरी बघितलाय."

मी कपाटांबद्दल बोललो नव्हतो. पेट्यांबद्दल बोललो होतो. तसं सांगायला पाहिजे होतं. तोंडात घास होता. घास संपल्यावरही सांगितलं नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

संयोगिताने पाट मांडून ठेवला होता. अजीम दर वर्षी येतो, ओवाळून घेतो, चकलीला नावं ठेवतो आणि डबाभर नेतो. दोन वाजेपर्यंत वाट पाहून तीच त्याच्या घरी गेली, तिथे ओवाळून आली. आल्यावर मला म्हणाली, "तो एक शब्द बोलला नाही तुमच्याबद्दल. बोलला असता तर बरं वाटलं असतं."

मी आकडे समजावून सांगायला लागलो. कागद काढला. तिने कागद बघितलाच नाही.

"यंत्राला कान लावून दिलेत. तुमचे काय केलेत?"

मी कागदाची घडी घातली. ट्रेबलचा तक्ता तिला कळणार नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

पेट्यांसाठी दुसरा मिस्तरी शोधतोय. एकाने नमुन्याची पेटी आणली. कोपरा काटकोनात नाही. परत पाठवली.

२९ ऑक्टोबर, बुधवार

दुसऱ्याची पेटी काटकोनात आहे, पण ठोकली की पोकळ वाजते. मी म्हटलं, आतून आडवी पट्टी पाहिजे. म्हणाला, "आत कोण बघतंय?"

अजीमला हे अठरा वर्षांत एकदाही सांगावं लागलं नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

साताऱ्याला एका डॉक्टरांकडे काम होतं. खोली लहान, पडदे पातळ, स्पीकर परदेशी कंपनीचे, खोक्यातून मीच बाहेर काढले. अजीमचा हात सोडा, सावलीसुद्धा पडलेली नाही. रिसीव्हर तोच, मलकापूरसारखा. शांतताही चांगली – डॉक्टर दवाखान्यात, घरात कोणी नाही. पहिल्या झटक्यात सहाही जागा झाल्या.

पाचही स्पीकरचा जोर वरच्या टोकाला. पाचांनाही ट्रेबल चढवलेला. मलकापूरचा कागद पिशवीतच होता. शेजारी धरला. नक्कल केल्यासारखे आकडे.

खुर्चीवर बसून राहिलो. खोली वेगळी, गाव वेगळं, पेट्या वेगळ्या. सारखं काय? रिसीव्हर. मी. आणि माईक.

डॉक्टरांच्या खोक्यातला नवा माईक, सील फोडून लावला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. आकडे सरळ. जोर मधल्या घरात, ट्रेबल जवळजवळ सपाट. मीटर धरलं – रिसीव्हर पंच्याहत्तर म्हणत होता, मीटरही पंच्याहत्तर. मीटर बरोबर होतं. पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. गाणं लावलं. कुठेच टोचलं नाही.

येताना एसटीत बसायला जागा मिळाली, तरी कराडपर्यंत उभाच होतो. मलकापूरचे दिवे दिसले तेव्हा मान वळवली.

म्हणजे माझा माईक बिघडला. पण कधी? गणपतीत याच माईकने इस्लामपूरचं काम एका दमात झालं होतं, तेही अजीमच्याच पेट्यांवर. पाडला नाही, भिजवला नाही, कोणाच्या हाताला दिला नाही. उद्या उजेडात बघतो.

२ नोव्हेंबर, रविवार

गच्चीत उन्हात, भिंग लावून पाहिलं. माईकच्या डोक्यावर मधोमध सुईएवढं भोक असतं. त्यात वाळून बसलेली हळद. एक ठिपका, काडीने लावलेला, मिलिमीटरचाही फरक नाही. आजवर पूजेला माईक डब्यासकट ठेवायचो, यंदाच बाहेर काढला होता.

मलकापूरला गेलो. ज्या खोलीत बोललो होतो त्याच खोलीत, सुभेदार आणि अंबूवहिनींना उभं करून सगळं सांगितलं. सुभेदारांनी माझ्यासमोरच अजीमला फोन लावला, कपाटांसाठी. मग फोन माझ्याकडे दिला. मी त्यालाही पहिल्यापासून सांगितलं. हळद, काडी, सगळं.

त्याने करवत बंद करून ऐकलं. मग म्हणाला, "पहिल्या पाच फळ्या हायत माझ्याकडं. फेकल्या न्हाईत."

आणि फोन ठेवला.