जावयाच्या हातची सुई

२१ ऑगस्ट १९५५, रविवार

धोंड्याचं जेवण जेवून सासरवाडीहून आसेगावला परतलो. अनारशांनी पोट जड, अपमानाने डोकं त्याहून जड. आजपासून रोजनिशी. सूड घ्यायचा तर नोंद असलेली बरी, नाहीतर मी मनाचा मोठा असल्याने विसरून जातो.

घटना अशी. मी त्या घरचा थोरला जावई. शाळेत मास्तर, चौथीचा वर्ग, अक्षर मोत्यासारखं. तरी सासरे दौलतराव यांनी पाय धुतले ते आधी धाकट्या जावयाचे. म्हणजे माझ्या साडूचे, जगदेवचे. हा जगदेव रिसोडला एका डॉक्टरकडे कंपाउंडर आहे. बाटलीत औषध ओततो, ‘हलवून घ्या’ म्हणतो, झालं. पण सासरे त्याला ‘डॉक्टरसाहेब’ म्हणतात आणि मला ‘मास्तर, थे उदबत्ती सरकवा जराशी’. त्याला रेशीमकाठी धोतर. मला साधं, तेही आखूड. सासूबाई सोजरबाई म्हणाल्या, ‘मास्तर तं खुर्चीत बसूनच राह्यते, त्याईले चालते आखूड.’

सगळे हसले. माझी बायको विजयमालासुद्धा. तिचंही बघून घेईन, पण नंतर. आधी थोरले.

२२ ऑगस्ट, सकाळी ६

उपाय सापडला. मी नर्स होणार.

गेल्या साली तापात वाशीमच्या दवाखान्यात पडलो होतो. तिथे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, सिस्टर आली की कंपाउंडर दार उघडून धरतो. म्हणजे नर्स कंपाउंडरच्या वर. जगदेवने दार धरायचं, मी आत जायचं. आत दौलतराव पालथे पडलेले. सुई माझ्या हातात. मी हळूच विचारणार, ‘मामाजी, आधी कोणाचे पाय धुतले होते?’ आणि मग.

बायकांचं काम म्हणून कोणी नाक मुरडेल. स्वयंपाकही बायकांचाच म्हणतात, पण लग्नात आचारी पुरुषच असतो.

विजयमालाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, ‘तुमी? रगत पाहून तुमाले घाम फुटते. मांगच्या हप्त्यात माह्या बोटाले इळी लागली तं तुमी बाजीवर जाऊन पडले होते.’ मी सांगितलं की ते दुपारचं झोपणं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या इतकंच.

२४ ऑगस्ट

सराव सुरू. बँडेजसाठी कापड हवं होतं. सासऱ्यांनी दिलेलं आखूड धोतर फाडलं. फाडताना जो आनंद झाला तो लिहून सांगता येणार नाही.

चौथीच्या वर्गावर प्रयोग. भूगोलाच्या तासाला डोकी, गणिताच्या तासाला हात. हात बांधल्यामुळे गणित झालं नाही, पण पोरं शांत होती. तेवढ्यात कुणीतरी बाहेरून पाहिलं आणि शाळेचं छत पडल्याची बातमी गावभर. बायका रडत आल्या. शेजारचा खेमा बैल सोडून धावत आला आणि आपल्या पोराचं डोकं सोडवत सगळ्यांदेखत म्हणाला, ‘मास्तर, तुमालेच कोठी तरी बांधून ठेवा लागते.’

हेडमास्तर गोविंदसिंग यांनीही चार शब्द सुनावले. खेमा आणि हेडमास्तर, दोघांनाही कधीतरी ताप येईलच. सुया मी उकळून ठेवीन. किंवा नाही उकळणार.

२८ ऑगस्ट, रविवार

वाशीमला जाऊन आलो. विजयमालाला सोबत नेलं, माझा मान स्वतःच्या डोळ्यांनी बघेल म्हणून. दवाखान्यातल्या सिस्टर सुंदरबाई. वयस्क, पांढरं लुगडं, आवाज हेडमास्तरांपेक्षा मोठा. म्हणाल्या, अकोल्याला ट्रेनिंग असतं, त्याआधी इथे काम करून बघा, जमतं का.

पहिलं काम काय, तर एका म्हाताऱ्याच्या खाटेखालचं भांडं बाहेर न्या. मी सांगितलं, माझा कल मुख्यतः इंजेक्शनकडे आहे. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. तेवढ्यात विजयमालाने पदर खोचला, भांडं उचललं, धुऊन आणून ठेवलं, आणि त्या म्हाताऱ्याला ‘बाबाजी, पानी देऊ का’ म्हणून विचारलं. तिला मोठेपणाची काही जाणीवच नाही.

सुंदरबाईंनी संत्र्यात सुई टोचून दाखवली. मी विचारलं, याहून जाड सुई असते का? त्या म्हणाल्या, कशासाठी? मी म्हटलं, सहज.

माझ्या पाळीत संत्र्याचा रस डोळ्यात उडाला. विजयमालाचं संत्रं मात्र हललंही नाही. अर्थात तिला नशिबाने नरम संत्रं मिळालं.

३० ऑगस्ट

योजनेत सुधारणा. मला शाळा सोडता येत नाही, म्हणून विजयमालाला वाशीमला तिच्या मावशीकडे ठेवलं आहे. रोज दवाखान्यात जायचं, हाताने शिकायचं आणि येऊन मला तोंडी सांगायचं. मी वाचणारा माणूस, ऐकलं की पुरतं. या पद्धतीने दोन माणसांचं शिक्षण एका माणसात येईल. तो माणूस मी.

तिला हे सांगितलं तेव्हा ती इतकी पटकन ‘हो’ म्हणाली की मला जरा शंका आली. पण असो.

४ सप्टेंबर, रविवार

वाशीमला प्रगती पाहायला गेलो. विजयमालाने खऱ्या माणसाला इंजेक्शन दिलं. मी जवळच उभा होतो. मग जवळच बसलो. मग, सुंदरबाईंच्या म्हणण्याप्रमाणे, जवळच आडवा झालो. फरशी थंड आहे का हे रुग्णाच्या दृष्टीने पाहणं आवश्यक असतं.

शुद्धीवर आलो (म्हणजे उठलो) तेव्हा विजयमाला माझ्या नाकाशी कापूस धरून बसली होती. हात बिलकुल थरथरत नव्हता. मदतनीस म्हणून तिला पुढे ठेवून घ्यायला हरकत नाही.

७ सप्टेंबर

अकोल्याच्या ट्रेनिंगला स्वतःच जायचं ठरवून शाळेचा राजीनामा दिला. हेडमास्तरांनी तो कपाटात ठेवला. तोंड भिंतीकडे फिरवलं. खांदे हलत होते. माणसाची किंमत जाताना कळते. आता रडून काय उपयोग, गोविंदसिंग?

९ सप्टेंबर, संध्याकाळी

देव आहे! अधिक महिन्यात ऐकतोच!

सासरवाडीहून माणूस आला. दौलतरावांच्या मांडीला मागच्या बाजूने मोठं गळू झालंय. बसता येत नाही, ताप आहे. डॉक्टर चिरा देऊन गेले, आता पेनिसिलिनची इंजेक्शनं सकाळ-संध्याकाळ. टोचायला घरचं कुणी आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं म्हणे.

आहे. म्हणावं, आहे. विजयमाला कालच वाशीमहून आली आहे. तिला विचारून सगळं नीट समजून घेतलं, सुई कशी धरायची, कुठे टोचायची. कोणाला ते विचारायची गरज नव्हती. पहाटे निघतो. ती म्हणाली, ‘बाबाले पाहाले मीबी येतो.’ ये. साक्षीदार हवाच.

१० सप्टेंबर, शनिवार

लिहिताना दोनदा टाक मोडला. रागाने.

आम्ही पोचलो तर ओसरीवर जगदेव सुईचा डबा मांडीवर घेऊन बसलेला, तोंड पडलेलं. मी म्हटलं, दार धर. तो म्हणाला, ‘भाऊ, जाऊन त पाहा.’

आत दौलतराव पालथे. माझ्या स्वप्नात होते अगदी तसेच. मी बाह्या सरसावल्या. त्यांनी मान वळवून मला पाहिलं आणि अंगावर साप पडल्यासारखे ओरडले. ‘जवाईबापू, हात नोका लावू! तुमच्या हातून सेवा घेऊ मी? आन थेबी धोंड्याच्या महिन्यात? ज्याचे पाय धुतले त्याच्याकून मांडी धुऊन घेऊ? नरकात जाईन मी! मेलो तं मरू द्या!’

सोजरबाई आडव्याच झाल्या दारात. मी म्हटलं, मी जावई म्हणून नाही, नर्स म्हणून आलोय. त्या म्हणाल्या, ‘जवाई तं जवाईच राह्यते, कोनताबी कोट घाला.’

हे मला आधी कसं सुचलं नाही? जन्म गेला या मुलखात. सासरा जावयाच्या हातचा पाण्याचा तांब्यासुद्धा घेत नाही हे शेंबड्या पोराला ठाऊक. मी जगात कुणालाही सुई टोचू शकेन, खेमाला, हेडमास्तरला, कलेक्टरला. फक्त ज्याच्यासाठी नर्स व्हायचं तो माणूस सोडून.

मी हट्टच धरला. जितका हट्ट धरला तितका माझा मान वाढत गेला. ओसरीवर पाट मांडला. पाय धुतले. आज माझे आधी! ताटात अनारसे. शेजारी जगदेव, त्यालाही अनारसे. तो हळूच म्हणाला, ‘मलेबी कदी हात लावू देला नाई गड्या. मांगच्या साली त्याईचा पाय मुरगळला, मी पट्टी घेऊन आलो तं मले शेवयाच चारल्या. डॉक्टरसाहेब म्हन्ते आन दवा दुसऱ्याकून घेते.’ त्याच्या डोळ्यात पाणी होतं. ज्याचा इतके दिवस मनापासून द्वेष केला, तो माणूस असा बघता बघता हातातून निसटला.

इतक्यात विजयमाला डबा उचलून आत गेली. सोजरबाई बाजूला झाल्या. पोरीनं केली तर सेवा, जावयानं केलं तर पाप.

मी कान टवकारले. म्हटलं, निदान किंकाळी तरी ऐकू येईल. आतून दौलतरावांचा आवाज आला, ‘टोचली का, माय? मले तं समजलंबी नाई.’

किंकाळीसुद्धा मिळाली नाही.

१८ सप्टेंबर, रविवार

दौलतराव आता बसतात. गावभर सांगत सुटलेत, ‘माह्या पोरीच्या हातात जादू हाय.’ सुंदरबाईंनी अकोल्याच्या ट्रेनिंगसाठी नाव सुचवलं. माझं नाही. सासऱ्यांची परवानगी, सासूबाईंचीही. सासरे म्हणाले, ‘मास्तरनंच तिले या रस्त्याले लावलं, मानूस मोठ्या मनाचा.’ इतकी वर्षं ज्या कौतुकाची वाट पाहिली ते असं आलं.

विजयमालाने मला विचारलं. मी साफ नाही म्हटलं. सूडच तो. ती रागावली नाही. म्हणाली, ‘तुमी जानार होते तवा म्या आडवलं का? तुमचा डबा बांधला.’ मी अंगणात दोन फेऱ्या मारून आलो. शेवटी मी उदारपणे हो म्हटलं. तिने चुलीकडे तोंड केलं. तिचे खांदे हलत होते. या वेळी हसण्याने नव्हे, एवढं मलाही कळलं.

२० सप्टेंबर

राजीनामा परत घ्यायला हेडमास्तरांकडे गेलो. त्यांनी कपाटातून काढून दिला. म्हणाले, ‘पुढं धाडलाच नवता. पोलीस होनार होते तवाचा बी इथंच हाय, मोटारीचे कंडक्टर होनार होते तवाचा बी. नेता का समदे?’ पोलीस मी एका फौजदारावर सूड घ्यायला होणार होतो, कंडक्टर एका कंडक्टरवर. दुसऱ्या माणसाने आपले बेत इतके जपून ठेवावेत याचं वाईट वाटलं. सगळे घेऊन आलो.

२ ऑक्टोबर, रविवार

वाशीम स्टेशनवर तिला सोडलं. लोणच्याची बरणी कुठे आहे ते तिने पुन्हा सांगितलं. दूध तापवून घ्या म्हणाली. गाडी हलायच्या आधी म्हणाली, ‘तुमच्या रागापायी मले रस्ता भेटला. तुमी असा राग नेहमी धरत जा.’ हसत म्हणाली की कसं, ते मला ठाऊक नाही, कारण मी रागाने पाठ फिरवून उभा होतो. तिला कळलं पाहिजे म्हणून. गाडी गेल्यावर वळलो. तिने हात हलवला असेल तर तो मी पाहिला नाही.

९ ऑक्टोबर, रविवार

दोन दिवस ताप. थंडी वाजून येतो. घरात कुणी नाही. रात्री ट्रंकेतून गोधडी काढली, तिच्यात तिच्या लुगड्याचा वास आहे, परत ठेवून दिली.

सकाळी कपाळावर ओली पट्टी माझी मीच ठेवली. नीट बसेना. सारखी घसरते. पट्टी ठेवायला दुसरा माणूस लागतो हे कोणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी खेमा दारातून डोकावला. हातात कण्यांची वाटी होती, त्याच्या घरून. म्हणाला, ‘मास्तर, काहून बापा, रडून राह्यले का?’ मी म्हटलं, पट्टीचं पाणी आहे. त्याने वाटी ठेवली, पट्टी उचलली, हातात धरून पाहिली.

पट्टी दुपारीच वाळली होती.