समासातली पेन्सिल

१ मार्च २०१४, शनिवार
उद्या इथल्या मराठी वाचन मंडळात माझी पाळी. विषय: 'हक्क' या कल्पनेच्या इतिहासावरचं नवं इंग्रजी पुस्तक. ४१२ पानं. ह्यांनी घेतलेलं, गेले त्याच्या थोडं आधी. तयारी उत्तम. म्हणजे पान ३१ पर्यंत नीट वाचलंय. पुढे ह्यांनी समासात पेन्सिलीने मराठीत टिपा केल्यात, त्या सगळ्या वाचल्या. जाणत्या माणसाने काढलेलं सार वाचणं हेही वाचनच. शिवाय अडतीस वर्षांच्या संसारात कुठला विचार कुणाचा, हे वेगळं काढता येत नाही.

२ मार्च, रविवार. संध्या. ७
छान झालं. उल्काच्या कॉन्डोतली फंक्शन रूम, चौदा माणसं. मी सांगितलं, जुना ग्रंथ हाती घेतला की आधी विचारा, हा माणूस कुणाशी बोलतोय? (पान ५८.) मग सांगितलं, राजकीय विचार फक्त मोठ्या ग्रंथांत नसतो, गिरणीतल्या बाईने साहेबाला केलेल्या अर्जातही असतो. (पान ९०.) टाळ्या. उल्का म्हणाली, काकू, तुम्ही अकरावीनंतर शाळा सोडलीत हे कोण खरं मानेल! इथेच काहीतरी बोलायला हवं होतं. मी साबुदाणा वडे पुढे केले.
धम्मानंद म्हणून आहे, इथल्या युनिव्हर्सिटीत रिसर्च करतो. त्याने विचारलं, शेवटच्या प्रकरणात लेखिका स्वतःचंच आधीचं म्हणणं मागे घेते, त्याबद्दल काय वाटलं? मी म्हटलं, मला ते पटलं नाही. ते म्हणजे काय, हे त्याने विचारलं नाही. भला मुलगा.
कुणीतरी म्हणालं, एवढं सुचतं कुठून? मी म्हटलं, आमची दर रविवारी दुपारी चर्चा व्हायची.
हे जरा जास्त झालं.

३ मार्च, सोमवार
संकल्प: रोज वीस पानं. महिन्यात पुस्तक पूर्ण. मग कालचं बोलणं खोटं राहणार नाही, फक्त थोडं आधी झालेलं ठरेल.

४ मार्च, मंगळवार
अर्धं पान. वाक्यं फार लांब. चूक लेखिकेची.

७ मार्च, शुक्रवार
तेच अर्धं पान.

८ मार्च, शनिवार. दु. २
धम्मानंदचा फोन. उद्या तुमच्या टॅम्पिनीस भागात येतोय, पुस्तक वाचायला द्याल का? लायब्ररीतली प्रत कायम बाहेर असते म्हणे. नाही कसं म्हणणार?
पुस्तक उघडलं. प्रत्येक मुद्दा ह्यांच्या अक्षरात. मी एक शब्दसुद्धा बदलला नव्हता.
नातीच्या, ऋताच्या कंपासपेटीतून खोडरबर घेतलं. बोलले तेवढंच पुसायचं, बाकी नाही.

संध्या. ५
थोडंच पुसलं तर ते उलट डोळ्यांत भरायला लागलं. म्हणून बाकीचंही पुसलं. नात शेजारी येऊन बसली, इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, आजी, आजोबांचं रायटिंग व्हाय यू रब? मी म्हटलं, साफ करतेय. ती म्हणाली, नॉट डर्टी व्हॉट.
पान १४० नंतर समास कोरा दिसला. तिथे थांबले.

९ मार्च, रविवार
पुस्तक नेलं. सोबत चकल्या दिल्या. सुटले.

११ मार्च, मंगळवार
ह्यांच्या अक्षरातलं आणखी काय आहे ते शोधलं. सगळं कॉम्प्युटरवर लिहायचे. फक्त स्वयंपाकघरात एका डब्यावर चिठ्ठी सापडली: हिंग.
बराच वेळ ती बघत उभी राहिले. ऋताची आई अनघा ऑफिसातून आली, म्हणाली, आई, आमटी लागतेय.

२९ मार्च, शनिवार
धम्मानंद पुस्तक परत द्यायला आला. म्हणाला, काकू, पानांत खोडरबराचा चुरा होता, झटकलाय. मी म्हटलं, ऋताचे उद्योग. ऋता समोरच बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा होमवर्कमध्ये डोकं घातलं.
जाताना म्हणाला, पान १९६ वरची टीप मात्र फार आवडली. मी म्हटलं, हो, मलाही ती फार आवडते. तो चपला घालायला लागला. चहा अर्धा राहिला.

संध्या. ६.३०
पान १९६. तळाशी, बारीक अक्षरात: 'रविवार दुपार. सरोजिनीला इथपर्यंत वाचून दाखवलं. घोरतेय. पुन्हा पान १ पासून.'
त्यापुढे पुस्तकात एकही खूण नाही.
हा माणूस कुणाशी बोलतोय ते आधी विचारा, असं मी चौदा माणसांना सांगत होते.

३० मार्च, रविवार
ऋताची माफी मागितली. ती म्हणाली, इट्स ओके लाह.
धम्मानंदला मेसेज केला: मुद्दे माझे नव्हते. चर्चाही नव्हती. हे वाचायचे, मी झोपायचे. त्याचं उत्तर आलं, कळलं होतं काकू. पुसायला नको होतं तेवढं.
ठरवलं, पुढच्या रविवारी मंडळात सगळं सांगायचं.

६ एप्रिल, रविवार. दु. ४
सांगितलं. उभी राहून. मी पुस्तक वाचलेलं नाही, जे बोलले ते सगळं ह्यांचं होतं. मग उल्का म्हणाली, बघा, अजूनही सगळं श्रेय नवऱ्याला! टाळ्या. कुणीतरी डोळे पुसले. धम्मानंद खिडकीबाहेर बघत होता. मी पुन्हा सांगायला हवं होतं. मी वडे पुढे केले.

संध्या. ६
घरी येऊन पान १ मोठ्याने वाचायला घेतलं. पान ३ वर ऋताने हलवून उठवलं. आजी, यू स्नोरिंग.
पेन्सिल घेतली. पान ३ च्या समासात तारीख घातली. खाली लिहिलं: घोरली. पुन्हा पान १ पासून.