सोमवारी मी निघणार

३ मार्च, सोमवार. सकाळी.
बॅग भरली. दाराशी ठेवली. आज सरांना सांगायचं म्हणजे सांगायचं. या हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात माझं आयुष्य उकळून उकळून आटलं. खोलीला खिडकी नाही, गुडघ्यात जीव नाही. धाकटीने शिवणाचं दुकान थाटलंय. काल फोनवर म्हणाली, ताई, एक मशीन तुझ्यासाठी रिकामं ठेवलंय, वरची खोलीपण. रस्त्याकडे खिडकी आहे. महिनाअखेरपर्यंत वाट बघते, मग दुसरीला घेईन. मी म्हटलं, महिनाअखेर कशाला? याच आठवड्यात येते.

संध्याकाळी.
सरांना सांगितलं नाही. सर घाईत होते. म्हणजे चहाच पीत होते, पण चेहरा घाईचा होता.

५ मार्च, बुधवार.
बॅगेतून टॉवेल काढावा लागला. टॉवेल एकच आहे. बाकी बॅग तशीच.
हॉस्टेलची ही तीन कार्टी सरांकडे शिकतात, इकॉनॉमिक्सच्या पुढच्या शिक्षणाला जाणार म्हणे. मोठ्या विद्यापीठात. महिन्याच्या शेवटी इंटरव्ह्यू. एकेक नमुना आहे. फौजी सैन्य सोडून आलाय. चादर इतकी ताणून घालतो की तिच्यावर झोपायची भीती वाटावी, पण गणित दिसलं की घाम फुटतो. इंजिनीअरला गणित येतं, जेवण झालं की नाही ते आठवत नाही. आणि मुकी. आई कारखान्यात पॅकिंगला. पोरगी हुशार, पण तोंड उघडायला पाना लागेल. यांना कुणाच्या जिवावर सोडायचं?
तरी जाणार. ठरलं म्हणजे ठरलं. सोमवारी.

१० मार्च, सोमवार.
सांगितलं! सर म्हणाले, फार छान मावशी, खरं तर केव्हाच जायला हवं होतं तुम्ही. मला वाटलं होतं, माणूस खुर्चीतून खाली येईल. मनातून हादरले असणार. दाखवत नाहीत इतकंच. माझ्या जागी नवी बाई बघतो म्हणाले.

१२ मार्च, बुधवार.
नवी बाई आली. इंटरव्ह्यू मी घेतला. कांदा चिरायला दिला. चिरता चिरता गाणं म्हणत होती. नापास.
सरांनी विचारलं, काय खोट आहे? म्हटलं, गाते.

१४ मार्च, शुक्रवार.
आज मावशी-टेस्ट. हा सरांचा जुना नियम. ज्याला आपला विषय मावशीला सांगता येत नाही, त्याला तो कळलेलाच नाही. एकेकाने स्वयंपाकघरात बसून साध्या भाषेत सांगायचं. मला कळलं तर दुसरा चहा. नाही कळलं तर पातेली घासायची.
फौजीने महागाई सांगितली. बराच वेळ सांगितली. पातेली.
इंजिनीअर म्हणाला, दोन दुकानं शेजारी शेजारी, माल तोच, भाव तोच, तरी एकातच गर्दी का? म्हटलं, दुसऱ्याचा मालक तोंड वाकडं करून बसत असेल. ते त्याने लगेच लिहून घेतलं. त्याला चहा.
मग मुकी. म्हणाली, एक बाई आहे. रोज ठरवते, इथून निघायचं. निघत नाही. आळशी नाही, मूर्ख नाही. फक्त उद्याचा त्रास तिला लहान दिसतो आणि आजचा डोंगराएवढा. म्हणून ती सगळं उद्यावर टाकते. आणि उद्या उजाडला की त्याचा आज होतो.
माझं डोकंच फिरलं. म्हटलं, कोण गं ही बया? पाय मोडलेत का तिचे? मुकी म्हणाली, ओळखीच्या आहेत. मी म्हटलं, मग तोंडावर सांग तिला. मुकीने विचारलं, तिच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? म्हटलं, बॅग उचलली असती आणि चालू पडले असते, आणखी काय!
इंजिनीअर कपात बघत बसला. फौजी तर पातेल्यात डोकं घालून घासत होता.
मुकीला दोन चहा दिले. बोलते चांगलं पोरगी. विषयच फुसका निवडलाय. अशा बायका असून असून किती असणार?

१७ मार्च, सोमवार.
इंजिनीअरला ताप. आजारी पोराला टाकून निघणं माझ्या रक्तात नाही. बॅगेतून चपला काढल्या, आणि जाडी साडीपण. बॅग पलंगाखाली सरकवली. दाराशी ठेवली की येणारा-जाणारा ठेचकाळतो.

१९ मार्च, बुधवार.
इंजिनीअर ठणठणीत. सकाळी आठवणीने जेवला. माझाच धाक.
दुसरी नवी बाई आली. हात चलाख, गुडघे शाबूत, गात नाही. इंजिनीअरला न विचारता ताट वाढून बसवलं. रस्सा मी चाखला. चांगला होता.
सरांना म्हटलं, फारच चांगली आहे, टिकायची नाही. सर माझ्याकडे बघत राहिले. माझी पारख त्यांना पटली असावी.

२२ मार्च, शनिवार.
धाकटीचा फोन. निघालीस का? म्हटलं, निघाल्यातच जमा. ती म्हणाली, ताई, तारीख सांगू नकोस, स्टँडवर पोचलीस की फोन कर. दुकान काढल्यापासून हिची जीभ फार चालायला लागली आहे.
दुपारी मुकी डाळ निवडू लागली. म्हणाली, मावशी, इंटरव्ह्यूत विचारतील, त्या बाईला बाहेर काढायचं कसं? म्हटलं, काय सांगणार आहेस? म्हणाली, तिने आजच असं काहीतरी करून टाकायचं की उद्या मागे फिरता येऊ नये. म्हणजे समजा, किल्ल्या दुसऱ्या कुणाला देऊन टाकायच्या.
म्हटलं, झकास! हेच सांग.
तिने हात पुढे केला. म्हटलं, काय? तर म्हणाली, किल्ल्या. एकच दिवस मावशी, ट्राय म्हणून.
मी समजावलं. कोठीचं कुलूप अडकतं, त्याला खालून गुडघा लावावा लागतो, तुला जमणार नाही. तिने हात मागे घेतला आणि पुन्हा डाळीत घातला.
जुडगा मी कमरेला आणखी घट्ट खोचला. उगाच पडायचा.

२७ मार्च, गुरुवार.
तिघांचे इंटरव्ह्यू. सकाळपासून देवाला साकडं. बॅगेत उरलेली शालपण काढली, फौजीच्या गळ्याला गुंडाळली. घसा बसला होता त्याचा. वीर पुरुष!
मुकी परत आली ती थेट स्वयंपाकघरात. बोलली का नीट, विचारलं. म्हणाली, बोलले. त्या बाईचं ऐकून साहेब लोक हसायला लागले, मी हसू दिलं नाही.
शाब्बास. कुणी का असेना ती, हसायचं काय त्यात?

३१ मार्च, सोमवार.
तिघंही पास! सरांनी मला पेढा... नाही, पेढा सरांनीच खाल्ला, मी वाटला. तिघं पाया पडले. माझ्यामुळेच झालं, कुणी बोललं नाही, पण समजतं.
या गडबडीत धाकटीला फोन करायला रात्र झाली. मागे मशिनींचा आवाज. दोन. मी विचारलं, दुसरं मशीन कोण चालवतंय? तिचं मशीन थांबलं. म्हणाली, ताई, आज सकाळपासून एक बाई आली आहे. चांगली आहे. खोलीपण तिलाच दिली.
मी म्हटलं, बरं केलंस, मी सांगणारच होते. रस्त्याकडची खिडकी म्हणजे धूळच धूळ.
ती म्हणाली, ताई, रडतेस का? म्हटलं, कांदा चिरतेय.
जेवणं केव्हाच आटोपली होती.

२ एप्रिल, बुधवार.
पोरं गेली. मुकीच्या बॅगेची चेन ऐन वेळी तुटली. मी पलंगाखालून माझी काढून दिली. रिकामीच होती. घेईना. म्हणाली, मावशी, तुम्हाला लागेल. असं ओरडले की मुकाट भरायला बसली.
गाडीत बॅग मांडीवर घेऊन बसली होती. खिडकीतून मागे बघत होती, वळणापर्यंत. मी फाटकाशी होते. फाटकाला कुलूप मलाच लावायचं होतं.
नवी बॅच सोमवारी येतेय. त्यांची घडी बसवून दिली की मी निघणार. आता अवघड काही नाही. बॅग तर पुढे गेलीच आहे, राहिले फक्त मी.