पहिला नंबर अध्यक्षांचा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (हल्ली वाकलं की कंबर धरते, तेव्हा तो लगेच स्वीकारावास.) तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात "बरा आहे" असं लिहिलं होतंस, पण त्यातला "बरा" दोनदा गिरवलेला दिसला, म्हणून पुन्हा विचारतो. भावोजींचा खोकला गेला, की अजून ते त्याला घसा साफ करणंच म्हणतात? इकडे तुझी भावजय मजेत आहे, लेक तिसरीत गेली, चष्म्याचं दुकानही बरं चाललंय. मीही ठीक आहे असं लिहिणार होतो, पण ते पूर्ण खरं नाही आणि पूर्ण खोटंही नाही, तेव्हा पत्राच्या शेवटापर्यंत ते तसंच ठेवू.

बातमी अशी की मी लेकीच्या शाळेच्या पालक सभेचा अध्यक्ष झालो. हसू नकोस. शाळेच्या मोठ्या बाई डोळे तपासायला दुकानात आल्या होत्या. मी आपला नेहमीसारखा एकेक काच बदलत विचारत होतो, "आता बरं की मघाचं बरं?" चार-पाच काचा झाल्यावर त्या वैतागून म्हणाल्या, "अहो, तुम्ही कधीच सांगत नाही का, कोणती चांगली ते?" मी म्हटलं, "ते मी कसं सांगणार? डोळे तुमचे." त्यांनी ती चाचणीची जड फ्रेम नाकावरून उतरवली, माझ्याकडे (अंधुकच) बघितलं आणि म्हणाल्या, "आम्हाला सभेला असाच माणूस हवाय." मी दिवसभर हवेत होतो. संध्याकाळी रोजनिशी लिहिताना मात्र शंका आली, की त्यांना निःपक्षपाती माणूस हवा होता की मत नसलेला? तुझ्या भावजयीला विचारलं. ती म्हणाली, "दोन्ही एकातच मिळतंय म्हटल्यावर त्या कशाला सोडतील?"

आता विषय सांगतो. शेजारच्या शाळेत गोवराची साथ आली आणि आमच्या शाळेत प्रश्न निघाला, की लस घेतल्याचा दाखला नसेल तर मुलाला पुढच्या वर्षी वर्गात घ्यायचं की नाही. एरवी हा प्रश्न चहाबरोबर संपला असता. पण आमच्या दुकानाशेजारी बेकरी आहे आणि त्या बेकरीवाल्या वहिनींची छोटी दुसरीत आहे. म्हणजे पटावर आहे, बाकावर नाही. पोर वर्षभर रक्ताच्या दुखण्याने अंथरुणाला खिळून होती. आता बरी आहे, केसही परत आलेत, पण औषधांनी अंगातली ताकद धुऊन नेली, त्यामुळे तिला स्वतःला या लसी सध्या देता येत नाहीत. डॉक्टर म्हणतात, वर्गातल्या बाकीच्यांनी घेतल्या असतील तर खुशाल पाठवा, नाहीतर घरीच बरी. तेव्हा ती बेकरीच्या काचेच्या कपाटामागे स्वतःच शाळा भरवते. बिस्किटं ओळीत मांडून हजेरी घेते, आणि जे "हजर" म्हणत नाही त्याला खाऊन टाकते. बिस्किटं बोलत नसल्याने वर्ग लवकर रिकामा होतो. वहिनी माल कमी भरतोय म्हणून ओरडतात, पण तोंड फिरवून ओरडतात.

सभेत दोन तट पडले. एकीकडे आमच्या इमारतीतले वकीलसाहेब. त्यांचं म्हणणं, ज्याचा दाखला नाही तो फाटकाबाहेर, चर्चा कसली करताय? दुसरीकडे कोपऱ्यावरचे घड्याळजी, डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करणारे. (भिंग माझ्याकडूनच घेतलंय, हे मी सभेच्या सुरुवातीलाच जाहीर केलं. कोणी विचारलं नव्हतं.) ते हळू बोलतात, पण शब्द नेमका बसवतात. म्हणाले, "शाळेनं अक्षरं शिकवावीत. पोरांचे दंड तपासायचं काम तिला कोणी दिलं?"

ताई, निःपक्षपातीपणा हा फार दमवणारा धंदा आहे. सभेआधीच्या दिवसांत वकिलांकडे चहा घेतला की मी घड्याळजींकडेही घ्यायचो, आणि इकडे साखर कमी घेतली तर तिकडेही कमीच. माझं मनगटी घड्याळ बंद पडलं तेव्हा ते घड्याळजींना देणं भागच होतं. पण मग वकिलांना वाटेल मी तिकडे झुकलो. त्यांच्याकडे न्यावं असं माझं काहीच काम नव्हतं. शेवटी मी त्यांच्याकडून मृत्युपत्र करून घेतलं. (त्यात माझ्या सगळ्या रोजनिश्या तुझ्या नावावर केल्या आहेत. आधीच क्षमा मागून ठेवतो.) तुझी भावजय म्हणाली, "नशीब, तिसरा तट नाही पडला. दात काढून आला असता."

सभा दुसरीच्या वर्गात झाली. भिंतीवर पाढे, फळ्याच्या कोपऱ्यात खडूचं फूल, आणि सात वर्षांच्या मुलांच्या बाकांवर कोंबलेले आम्ही. सुरुवातीला वाटलं, गुडघे हनुवटीला टेकलेल्या माणसाला फार वेळ चिडून राहता येणार नाही. येतं. वकीलसाहेब उभं राहायला गेले तर बाकही त्यांच्याबरोबर उठलं, आणि तसेच अर्धवट ओणवे राहून ते म्हणाले, "जबाबदार पालक कधी विसरत नसतो!" तेव्हा घड्याळजींनी बसल्या जागेवरून विचारलं, "साहेब, तुमच्या धाकट्याचे सगळे डोस झालेत ना?" वकीलसाहेब बाकासकट खाली बसले. मग म्हणाले, "एक राहिलाय. कामाच्या गडबडीत." हशा पिकणार होता, पण घड्याळजी स्वतः हसले नाहीत. "राहतं हो. म्हणूनच म्हणतो, पोराला दारात अडवू नका. माझ्या दोन्ही मुलांना मी सगळ्या लसी वेळेवर दिल्यात. माझं भांडण सुईशी नाही, फाटकाशी आहे."

मी घंटा वाजवली. का वाजवली ते मलाही कळलं नाही. बहुधा विचार करायला वेळ हवा होता. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या बेकरीवाल्या वहिनी उठल्या. त्या म्हणाल्या, "मला कुणाला काही पटवायचं नाही. फाटक म्हणाल, तर माझी आताही फाटकाबाहेरच आहे. ती रोज विचारते, माझं बाक कधी? तिला काय सांगू, तेवढं सांगा, मी निघते. भट्टी चालू ठेवून आलेय."

मग हात वर करून मतं घेतली. सारखी पडली. मी दोनदा मोजली, मोठ्या बाईंनी एकदा मोजली, तरी सारखीच. अध्यक्षाचं मत राहिलं होतं. ताई, सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, आता बरं की मघाचं बरं? आणि या वेळी डोळे माझेच होते. घड्याळजींचं म्हणणं मला खरंच पटत होतं. पण ते पटून घेऊन मी घरी जाऊन जेवलो असतो, आणि छोटीने आणखी एक ओळ बिस्किटं खाल्ली असती. दोन्ही बाजू बघणं हा माझा गुण असेल, पण एक बाजू काचेच्या कपाटामागे बसली होती.

मी म्हटलं, दाखला लागेल. माझं मत त्याला. पण पोराला फाटकावर अडवायचं नाही. डॉक्टर पुढच्या शनिवारी सकाळी शाळेत येतील, ज्याचं राहिलं असेल त्याला तिथेच देतील, ज्याला डॉक्टरच नको म्हणतील त्याला माफ, आणि ज्या घरात शंका असेल तिथे मी आणि घड्याळजी जाऊन बसू. घड्याळजींनी भिंग काढून खिशात ठेवलं आणि मान हलवली. इथे मी थांबायला हवं होतं. पण माझी सदसद्विवेकबुद्धी सुरू झाली की तिला घंटा ऐकू येत नाही. मी म्हटलं, "आणि जे मुलांना सांगायचं, ते शाळेत येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्यांनी आधी करावं." टाळ्या पडल्या. बोलताना माझ्या डोळ्यांसमोर शिक्षक होते, फाटकावरचा रखवालदार होता, मुलांची गाडी चालवणारे काका होते. तेवढ्यात घड्याळजी म्हणाले, "मग पहिला नंबर अध्यक्षांचा. अध्यक्ष बसले की रांग लागेल, अध्यक्ष पळाले की रांगही पळेल." वकीलसाहेबांनी अनुमोदन दिलं. त्या दिवसात त्या दोघांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट.

मी घाबरलोय असं समजू नकोस. सुई मला तत्त्वतः मान्य आहे. रोजनिशीत मी "भीती नाही" असं लिहिलं, मग ते खोडून "फारशी नाही" केलं, मग प्रामाणिकपणे विचार करून "नाही"सुद्धा खोडलं. आता तिथे नुसतं "फारशी" उरलंय.

भावोजींना नमस्कार सांग. तुझा आशीर्वाद असू दे, आणि तो शनिवारी सकाळी जरा जास्त असू दे.

तुझा धाकटा

ता. क. – सहज विचारतो. लहानपणी मला गोवर येऊन गेला होता का? डॉक्टर म्हणाले, खात्रीने आला असेल तर तुम्हाला लसीची गरज नाही. शंका असेल तर रक्त तपासून सांगतो. (म्हणजे सुई चुकवायला सुई.) आईनंतर आता हे तुलाच माहीत. आठवत असेल तरच लिही. माझ्या प्रश्नाच्या सुरावरून उत्तर ठरवू नकोस, ही विनंती.

ता. क. २ – वरचा ता. क. रद्द समज. पत्र टाकायला निघालो, वाटेत बेकरीत डोकावलो. छोटीची हजेरी चालली होती. सगळ्यात पुढे एक मोठं बिस्किट उभं केलेलं. म्हणाली, "हे अध्यक्ष." मग गंभीर आवाजात, "अध्यक्ष?" आणि बिस्किटाकडे न बघता माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हजर." तेव्हा गोवर आला असेल तरी लिहू नकोस. त्यापेक्षा शनिवारी तूच ये. लहानपणी दवाखान्यात तू माझा हात धरून सांगायचीस, "ती बघ, भिंतीवर पाल!" आणि मी पाल शोधेपर्यंत काम झालेलं असायचं. पाल कधीच नसायची, हे मला आता कळतं. तरी मी बघेन.

ता. क. ३ – तुझ्या भावजयीने हे पत्र वाचलं (मी विचारलं नव्हतं) आणि सांगते, की तुला स्वतःलाच सुई बघवायची नाही, म्हणून तू भिंतीकडे तोंड करून उभी राहायचीस. हे म्हणे तूच तिला आमच्या लग्नाच्या वर्षी सांगितलंस, आणि आजवर तुम्ही दोघींनी मला कळू दिलं नाहीत. ठीक आहे. तरी ये. चष्मा घेऊन ये. दोघांनी मिळून बघितलं तर कदाचित पाल सापडेल.