वाळ्याच्या मुळांत मरळ

सोमवार, पोळ्यानंतरचा

कंबर दुखून राह्यली, तरी लिहितो. गेल्या साली नदीकाठच्या चार ओळी पराटी, म्हंजे कापूस, उपटून मी तिथं खोल मुळांचा वाळा लावला. दरड ढासळू नये, डोह गाळानं बुजू नये, म्हणून मासे धरणाऱ्या किसनभाऊनं लय मागं लागून लावायले लावला. मागच्या महिन्याच्या पुरात निम्मा वाहून गेला. आज दिवसभर आम्ही दोघं तो पुन्हा लावत होतो. कापसाले भाव नाही, घरात सारे वैतागलेले. कोणासाठी करून राह्यलो मी हे?

"पुढच्या साली इथं पराटीच लावतो, भाऊ. थकलो मी."

तो उरलेल्या वाळ्यापाशी मले घेऊन गेला. मुळांच्या आडोशाले पाण्यात लालसर पिलांचा घोळका, अन् खाली त्याईची राखण करत मरळ मासोळी.

"किती वर्सांनी दिसली," तो म्हणाला. जाळं त्याच्या खांद्यावरच होतं. त्याच्या घरी दोन दिवसांपासून मासा नव्हता.

"मंग टाक ना जाळं."

"तिले धरलं तर पिलं कोन राखीन?"

तो तसाच रिकाम्या हातानं घरी गेला. पराटीचं कायले बोललो मी? लाज वाटली. उरलेली रोपं मग मी एकट्यानंच लावली.